पेशवेकालीन झुंबर? थांबा, आधी स्क्रू बघू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पॉडकास्टच्या नव्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' थोडे कापलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. घरात एखादी जुनी वस्तू आहे, ती किती जुनी आणि कुठली, हे कसं ओळखायचं? वस्तू कुठलीही चालेल, पण मी आज एकच घेणार आहे. चांदीचा मुलामा दिलेलं झुंबर. कारण गेले तीन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषयच नाहीये.

थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. पुण्यात पेठेत आमचा वाडा आहे. पुनर्विकासाला गेलाय, रिकामा करायची तारीख ठरलीये. वाड्याच्या दिवाणखान्यात हे झुंबर. सहा फांद्या, मध्ये जाड दांडा, खाली काचेचे लोलक. आत्याचं म्हणणं, हे पेशवेकालीन आहे. तिला तिच्या आजीने तसं सांगितलेलं. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला, त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "हे मुरादाबादचं नवीन काम आहे साहेब, पितळेच्या भावाने किलोवर नेतो." आणि न्यू जर्सीचा आमचा दादा म्हणतो, कोणी विकू नका, माझं सामान जातंच आहे कंटेनरमधून, त्यात टाका.

आता बघा, तीन माणसं, तीन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराला किंमत आहे. आत्याचं खरं असेल तर ती वस्तू संग्रहालयात दाखवण्यासारखी. व्यापाऱ्याचं खरं असेल तर किलोवर द्या आणि विषय संपवा. आणि दादाच्या बेताला तर कायदा आडवा येऊ शकतो, त्याबद्दल शेवटी बोलूच. म्हणजे 'किती जुनं' हा नुसता हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. वाटणीचा होता. भावाबहिणींमध्ये वाटणीच्या वेळी चुकीची माहिती फिरली की काय होतं, ते तुम्ही तुमच्या घरी पाहिलं असेलच.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला झुंबरातलं काही कळत नव्हतं, पण एखादी सिस्टीम कधी बनली हे शोधायची सवय आहे. तीच पद्धत इथे चालते.

पहिला नियम: सगळ्यात नवा मूळ भाग शोधा

तुम्हाला एखादा लॅपटॉप दिला आणि त्याला यूएसबी-सी पोर्ट असेल, तर तो २०१४ च्या आधीचा नाही. का? कारण ते स्टँडर्डच २०१४ साली आलं. मालक कितीही शपथेवर सांगू दे. झुंबराचंही तसंच. त्यात जो सगळ्यात उशिरा शोध लागलेला मूळ भाग आहे, त्याच्या आधी ते झुंबर बनू शकत नाही.

यातला 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. फोनची बॅटरी बदलली म्हणून फोन नवा होत नाही. झुंबरात वायर, होल्डर, लोलक हे सतत बदलले जातात. त्यामुळे आधी काय मूळचं आणि काय नंतर लावलेलं, हे वेगळं काढायचं. फांद्या जिथे मधल्या दांड्याला जोडतात, तिथे बऱ्याचदा आकडे किंवा खाचा ठोकलेल्या असतात. एक नंबरची फांदी एक नंबरच्या भोकात. हाताने जुळवून बसवलेलं काम असलं की एकीची फांदी दुसऱ्या जागी नीट बसत नाही, म्हणून कारागीर खुणा करायचा. सगळे आकडे जुळले तर फांद्या मूळच्या. आमच्या सहाच्या सहा जुळल्या. व्यापाऱ्याच्या 'नवीन काम'ला इथेच पहिला धक्का बसला.

मुलामा काय सांगतो

आता चांदी. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. चांदीसारखं दिसणारं सगळं चांदी नसतं. आपल्याकडे कल्हईची भांडी असायची, ती कथील. निकेलचा मुलामा असतो, क्रोमचा असतो. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याची चमक निळसर, आरशासारखी, आणि तो काळा पडत नाही. चांदी काळी पडते, हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. म्हणजे कोपऱ्यात काळपट थर दिसला तर वैतागू नका, तो पुरावा आहे.

मग मुलामा कुठल्या पद्धतीचा, हे बघायचं. ढोबळमानाने दोन युगं आहेत.

पहिलं, शेफील्ड प्लेट. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात ही पद्धत काढली. तांब्याच्या ठोकळ्यावर चांदीचा पत्रा ठेवून तापवायचं, दोन्ही एकजीव झाले की लाटून पत्रा करायचा आणि त्या तयार पत्र्यातून वस्तू बनवायची. इथे मुलामा आधी, वस्तू नंतर. म्हणून सांधे दिसतात, कडा दुमडलेल्या असतात, नाहीतर कापलेल्या कडेतून तांबं डोकावेल ना! आणि झिजलेल्या जागी गुलाबी-लालसर तांबं दिसतं.

दुसरं युग, विजेचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली याचं पेटंट घेतलं. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ्लने लगेच १८४२ मध्ये हक्क घेतले. इथे उलटं: वस्तू आधी पूर्ण बनवायची, मग रसायनाच्या हौदात बुडवून विजेने तिच्यावर चांदी चढवायची. त्यामुळे चांदी नक्षीच्या खोबणीत, सांध्यांवरून, डागाच्या जोडावरूनही सलग जाते. ही पद्धत इतकी स्वस्त पडली की काही वर्षांतच शेफील्ड प्लेटचा धंदा बसला.

खालचा धातूही बघा. झिजलेली जागा पिवळी असेल तर पितळ, गुलाबी असेल तर तांबं, करडी-पांढरी असेल तर बहुतेक जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण. नावात सिल्व्हर आहे, आत चांदीचा कणही नाही. भांड्यांच्या मागे 'ईपीएनएस' असा शिक्का दिसतो ना? त्याचा अर्थ जर्मन सिल्व्हरवर विजेचा मुलामा. ही अक्षरं कधीकधी चौकोनांत अशी ठोकलेली असतात की अस्सल चांदीच्या हॉलमार्कसारखी वाटावीत. नीट वाचा, मगच खूश व्हा.

आमच्या झुंबराच्या फांद्या हात लागून जिथे झिजल्या, तिथे स्वच्छ पिवळं पितळ होतं. सांध्यांवर चांदी सलग. म्हणजे विजेचा मुलामा. म्हणजे १८४० नंतरचं. आणि पेशवाई संपली १८१८ ला.

हे आत्याला कसं सांगायचं, हा वेगळा प्रश्न होता. कोणी म्हणेल, मूळ जुनं असेल आणि मुलामा नंतर चढवला असेल. शंका रास्त आहे, असं होतंही. म्हणूनच एका पुराव्यावर थांबायचं नाही.

उजेड कशाचा होता?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. झुंबर ही दिव्याची वस्तू आहे, त्यामुळे त्यात कुठला दिवा लागायचा, हे त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

मेणबत्तीचं झुंबर असेल तर फांद्या भरीव चालतात, टोकाला मेणबत्तीची खोबण आणि खाली मेण पडायला बशी. गॅसचं असेल तर फांद्या पोकळ लागतात, कारण त्यातून गॅस जातो, आणि प्रत्येक फांदीला एक छोटी चावी असते, आपल्या शेगडीला असते तशी. ज्योत वर जाते, म्हणून सुरुवातीच्या गॅसच्या झुंबरांची तोंडं वरच असतात. विजेचा दिवा मात्र कुठेही तोंड करू शकतो. एडिसन आणि स्वान यांचे दिवे आले १८७९-८० च्या सुमाराला, आणि पहिल्यांदाच झुंबराला मान खाली घालता आली.

अर्थात, मेणबत्तीच्या झुंबराला नंतर वीज जोडलेली असू शकते. ते कसं ओळखायचं? वायर बाहेरून गुंडाळत नेलेली दिसते, किंवा भरीव फांदीला नंतर भोक पाडलेलं दिसतं. भोकाच्या कडेवर मुलामा नसला, उघडं पितळ असलं, तर ते भोक मुलाम्यानंतरचं. साधं लॉजिक.

आमच्या फांद्या बारीक नळीच्या, चावी कुठेच नाही, चावी काढून बुजवल्याची खूणही नाही. होल्डरची तोंडं खाली. वायर जायची भोकं आहेत आणि त्यांच्या कडांवर चांदी आहे. म्हणजे भोक आधी, मुलामा नंतर. हे झुंबर विजेसाठीच जन्माला आलं. झालं, आता आपण १८८० च्या पुढे आलो, आणि 'मूळ जुनं, मुलामा नवा' ही शंकाही मिटली.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो क्रॉफर्ड मार्केटमध्ये, १८८२ साली. पण घरोघरी वीज पोहोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं तेच १९१५ मध्ये. त्या आधी विजेचं झुंबर घेणं म्हणजे रेंज नसलेल्या गावात फाइव्ह-जी फोन घेण्यासारखं.

स्क्रू, आटे आणि होल्डर

आता शीर्षकातला स्क्रू. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू, फिलिप्सचा, बाजारात आला १९३० च्या दशकाच्या मध्याला. तो दिसला तर एक तर वस्तू त्यानंतरची, किंवा दुरुस्ती त्यानंतरची. आमच्याकडे दोनच तसे होते, दोन्ही छताकडच्या वाटीत, आणि भोवती ओरखडे. म्हणजे दुरुस्ती. बाकी सगळे एका सरळ खाचेचे.

आट्यांवरून देश कळायला मदत होते. व्हर्निअर कॅलिपर घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आमच्या मधल्या दांड्याचा आटा अर्ध्या इंचाचा भरला, आणि एका इंचात २६ आटे. ब्रिटिश दिव्यांच्या पितळी सामानात हाच हिशेब असतो. जर्मन किंवा फ्रेंच काम असतं तर माप मिलिमीटरमध्ये गोल बसलं असतं. होल्डरही पिनवाले, आपल्या जुन्या बल्बला दोन पिना असायच्या तसे. ही ब्रिटिश पद्धत. युरोप-अमेरिकेत बल्ब पिळून बसवायची चाल जास्त.

पण घाई नको. इंच आणि पिनवाला होल्डर दोन्ही भारतातही होतेच, इंग्रजांमुळे. आपण मेट्रिक मापं स्वीकारली ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा एवढ्यावरून 'इंग्लंडचं' म्हणणं म्हणजे यूआरएलमध्ये डॉट कॉम आहे म्हणून साइट अमेरिकेची म्हणणं.

छतातला आकडा

शिक्के कुठे शोधायचे? दर्शनी भागात जवळपास कधीच नाहीत. छताला टेकणाऱ्या वाटीच्या आत बघा, सगळ्यात खालच्या गोंड्याच्या मागे बघा, फांदीच्या पोटाला बघा. मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका धरा. तिरक्या उजेडात पुसट अक्षरं सावल्या टाकतात. मॅक्रो मोडने फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळतं.

ब्रिटिश वस्तूंवर दोन खुणा फार कामाच्या. एक, चौकट-आकाराचं नोंदणीचिन्ह, शंकरपाळ्यासारखं. ते १८४२ ते १८८३ या काळातलं. दुसरं, १८८४ पासून सुरू झालेला सलग नोंदणी क्रमांक, आधी 'आरडी' अशी अक्षरं आणि पुढे आकडा. एक पासून सुरू करून वाढत गेलेला. १९०० च्या सुमाराला तो साडेतीन लाखांवर होता, १९१० च्या सुमाराला साडेपाच लाखांवर, १९२० ला पावणेसात लाखांच्या जवळ. आपल्या भाषेत, ऑटो-इन्क्रिमेंट आयडी!

आमच्या वाटीच्या आत, शंभर वर्षांची धूळ पुसल्यावर, 'आरडी' आणि सहा लाख चार हजारांतला आकडा निघाला. म्हणजे १९१२ च्या आसपासचा. मी शिडीवर होतो, खाली आतेबहीण फोन धरून उभी, व्हिडिओ कॉलवर दादा. आकडा वाचला तेव्हा कोणी काही बोललंच नाही. आत्या तेवढी म्हणाली, "म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाच्या वेळचं."

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा आकडा डिझाइनची नोंद कधी झाली ते सांगतो, तो नग कधी बनला ते नाही. तेच डिझाइन पुढे काही वर्षं बनत राहू शकतं. आणि नोंद ब्रिटनमध्ये झाली, एवढंच तो आकडा सिद्ध करतो. पण आकडा, आटे आणि होल्डर तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तेव्हा ब्रिटिश म्हणायला हरकत नाही.

दुसरी मर्यादा: कागद

आतापर्यंत आपण 'याच्या आधीचं नाही' हे ठरवलं. 'याच्या नंतरचं नाही' हे वस्तू स्वतःहून क्वचित सांगते. त्याला कागद लागतो. घरचे फोटो, बिलं, लग्नाच्या याद्या, आणि आपल्याकडे खास म्हणजे जमाखर्चाच्या वह्या.

पणजोबांच्या वह्या माळ्यावर होत्या, मोडीत लिहिलेल्या. त्या रद्दीत जाणारच होत्या. मोडी वाचणाऱ्या एका काकांना गाठलं. श्रावण शके १८४५ च्या पानावर मुंबईहून लिलावात घेतलेल्या झुंबराची नोंद मिळाली, सहा फांद्यांची, हमालीसकट. शकात ७८ मिळवा, झालं १९२३.

म्हणजे उत्तर असं: ब्रिटिश बनावट, पितळेवर विजेने चढवलेली चांदी, १९१२ ते १९२३ या अकरा वर्षांतलं. पेशवेकालीन नाही, मुरादाबादचं नवीनही नाही. मुरादाबादची पितळ आणि फिरोजाबादची काच घेऊन आज उत्तम झुंबरं बनतात, त्यात कमीपणा काहीच नाही, पण हे ते नव्हे.

लोलकांचं काय?

लोलकांवरून वय काढायला जाऊ नका, ते सगळ्यात जास्त बदलले जातात. शिसं असलेली काच जड लागते, टिचकी मारली तर नाद घुमतो, कडांवर इंद्रधनुष्य चांगलं फुटतं. आमच्याकडे दोन जातींचे लोलक निघाले, म्हणजे काही नंतरचे. 'नक्की ऑस्लर असणार' असंही ऐकाल. ऑस्लर ही बर्मिंगहॅमची मोठी काच कंपनी, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात तिचं काचेचं कारंजं गाजलं, कलकत्त्यात तिचं दालन होतं. त्यामुळे भारतात प्रत्येक झुंबराला ते नाव चिकटवायची सवय लागली. शिक्का किंवा बिल असल्याशिवाय कोणत्याही कंपनीचं नाव लावू नका.

आता कायदा आणि निर्णय

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येते, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू शंभरच्या आतली असल्याची शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळवता येतो. आमच्या बाबतीत वहीतल्या नोंदीनेच शंभरी पार झाली होती. दादाचा कंटेनर झुंबराशिवाय गेला.

तो नाराज झाला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस ग्रुपवर शांतता होती. मग त्यानेच लिहिलं की वहीच्या त्या पानाचा चांगला स्कॅन पाठवा, फ्रेम करतो. व्यापारी पुन्हा आला, त्याला आकड्याचा फोटो दाखवला, तेव्हा किलोची भाषा बंद झाली आणि भाव बराच वर गेला. पण आतेबहिणीने तोच भाव धरून बाकीच्यांचे वाटे दिले आणि झुंबर सातारला नेलं. तिथे छत उंच आहे. नव्या फ्लॅटमध्ये ते डोक्याला लागलं असतं.

आत्या अजूनही पाहुण्यांना 'जुनं आहे' म्हणते. आता विचारलं तर सालही सांगते.

तुमच्यासाठी, थोडक्यात

शिडीवर चढण्याआधी मेन स्विच बंद, आणि खाली एक माणूस. कापडी वेटोळ्याची जुनी वायर दिसली तर दिवा लावून बघू नका. इलेक्ट्रिशियनकडून नवी वायर घालून घ्या, आणि जुने होल्डर फेकू नका, पिशवीत नाव घालून ठेवा.

घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, तारेची घासणी, काहीच नाही. मुलामा केसापेक्षा पातळ असतो, एका दिवाळीच्या साफसफाईत शंभर वर्षं निघून जातात. मऊ कोरडं कापड पुरे.

फोटोवरून शोधणारी अॅप्स सारखं दिसणारं दाखवतात, तेच असलेलं नाही. शोधायला वापरा, ठरवायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रद्दी देण्याआधी वह्या चाळा. मोडी येत नसेल तर येणारा माणूस शोधा. झुंबर परत विकत मिळेल, ते पान नाही मिळणार.

तुमच्या घरी असं काही लटकत, पडून, माळ्यावर असेल तर तिरक्या टॉर्चमध्ये एक फोटो काढा आणि पाठवा. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन बसू. तोपर्यंत, भेटूया!